कापलेलं टोक गोल हवं

एकाच डिशवरून इमारतभर सिग्नल वाटलेला, आणि तक्रार अशी की काही खोल्यांत ठरावीक चॅनल फुटतात, बाकीचे स्वच्छ दिसतात. ॲम्प्लिफायर बदलून झाला होता, स्प्लिटरही बदलले होते. मला बोलावलं तेव्हा अख्खी केबल उपसून नवीन टाकायचा विचार चालला होता.

मीटर लावला. डिशकडून खाली येणारा सिग्नल साधारण 950 ते 2150 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतो. पट्ट्याच्या खालच्या बाजूला पातळी ठीक होती. वर जावं तशी ती केबलच्या लांबीच्या मानानं फारच घसरत होती, शिवाय मध्येमध्ये खड्डे होते. वरच्या फ्रीक्वेन्सीला केबलमध्ये तोटा जास्त होतोच, पण तो एकसारख्या उतारानं होतो. खड्डे दिसले की सिग्नल कुठेतरी आपटून मागे फिरतोय. मधली केबल धडधाकट असेल तर संशय टोकांवरच घ्यायचा.

सॉकेटमागचा एक कनेक्टर केबलसकट काढला, बारीक करवतीनं उभा चिरला आणि भिंगाखाली धरला. अशा केबलमध्ये मधोमध तार, म्हणजे कोर, तिच्याभोवती फोम, त्यावर फॉइल, मग बारीक तारांची जाळी आणि सगळ्यात बाहेर जॅकेट असतं. कनेक्टरच्या आतली नळी फोमवरची फॉइल आणि जाळी यांच्यामधून सरकायला हवी. इथे ती फॉइलच्या कडेत घुसली होती आणि फॉइल पुढे ढकलत नेऊन तिचा बोळा झाला होता. पांढरा फोम कनेक्टरच्या तळाशी सपाट यायला हवा, तो दोन-तीन मिलिमीटर अलीकडेच अडकला होता. फोम अंडाकृती झाला होता, नळी गोल. तो आत जाणार कसा?

तिथला तरुण टेक्निशियन शेजारीच उभा होता. कनेक्टर चांगल्या प्रतीचे होते आणि ते केबलवर दाबून बसवायचं कम्प्रेशन टूलही उत्तम. मी विचारलं, "केबल कापतोस कशानं?"

त्यानं साइड कटर पुढे केला. "थोडी चेपते दादा, पण बोटानं दाबून गोल करून घेतो."

बरेच जण हेच करतात. पण बोटानं गोल होतं ते बाहेरचं जॅकेट. आतला फोम एकदा दबला की पुरता उठत नाही, फॉइलवर पडलेली घडी तर कायमची. कोॲक्सची, म्हणजे अशा थरांच्या केबलची, मापं उगाच ठरलेली नाहीत. इथे होती त्या आरजी-6 जातीच्या केबलमध्ये कोर साधारण 1 मिलिमीटरची आणि फोमचा व्यास साडेचारच्या आसपास. या गुणोत्तरावर आणि फोमच्या प्रकारावर तिचा 75 ओहमचा इम्पिडन्स ठरतो, आणि तो जिथे बदलतो तिथून सिग्नल मागे फिरतो. तेवढाच एक चेपलेला तुकडा फार बिघडवतो असं नाही, हेही सांगायला हवं. खरं नुकसान त्या चेपलेल्या टोकावर कनेक्टर चढवताना होतं. फॉइल फाटते, कोरचा थोडा भाग फोमशिवाय उघडा राहतो आणि फ्रीक्वेन्सी जितकी जास्त तितका तो अडथळा मोठा ठरतो. म्हणून त्या खोल्यांत वरचे चॅनल आधी गेले.

सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं, म्हणून त्याच केबलचा उरलेला तुकडा टेबलावर घेतला. त्याच्या साइड कटरनं कापला आणि व्हर्नियर लावलं: मूळ व्यास 6.9 मिलिमीटर, कापलेलं टोक एका बाजूनं साडेपाच, दुसऱ्या बाजूनं आठ. साइड कटरच्या दोन धारा समोरासमोर येऊन मधल्या वस्तूला पाचर मारतात. एकट्या तारेला ते चालतं. कोरचं टोकही छिन्नीसारखं चपटं झालं होतं, काठाला बारीक काटा. असं टोक सॉकेटमधल्या स्प्रिंगला ओरखडतं आणि ती सैल करतं.

मग माझा गोल केबलचा कटर दिला. याची पाती आतून बाकदार असतात, केबलला चोहोबाजूंनी धरतात आणि कात्रीसारखी एकमेकींवरून सरकतात. टोक जवळपास गोलच राहिलं, फॉइलची कडा सरळ.

त्यानं लगेच दुकानातला कुठलाही केबल कटर चालेल का ते विचारलं. नाही चालत. टेबलावरच्या स्क्रू-ड्रायव्हरचं चुंबकी टोक कोरला लावलं, ती चिकटली. म्हणजे आत पोलाद, वर तांब्याचा मुलामा. आरजी-6 मध्ये हे नेहमीचं. अनेक केबल कटर फक्त तांबं आणि ॲल्युमिनियम यांसाठी असतात. पोलादी कोरवर चालवले की धारेत खाचा पडतात, आणि मग तोच कटर जाळी कापण्याऐवजी ओढून काढतो. घेताना कटरवर कोॲक्स किंवा पोलादी कोर लिहिलंय का ते बघावं. माझ्या मते हँडलच्या मऊ पकडीपेक्षा हे शंभरपट महत्त्वाचं. पाती अधूनमधून उजेडासमोर मिटून धरायची, फट दिसली की कटर बाद.

सोलायला तो चाकू वापरत होता, तोही बाजूला ठेवायला लावला. 1 गिगाहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या वरच्या जेमतेम दोन मायक्रॉनमध्येच मुख्यतः वाहतो. चाकूनं मुलामा खरवडला तर नेमका कामाचाच थर जातो, आणि खाच पडलेली पोलादी कोर गंजते, वाकवताना तुटते. फिरवायच्या स्ट्रिपरमध्ये पात्यांची खोली केबलप्रमाणे लावता येते. आधी एका तुकड्यावर सोलून कोरवर ओरखडा नाही ना हे बघायचं आणि मगच कामाला लागायचं. जाळीचा एखादा केस कोरला टेकलाय का तेही नजर रोखून पाहावं. डिशकडे याच केबलनं 13 किंवा 18 व्होल्ट जातात, तेवढ्या एका केसानं शॉर्ट होतं.

टोकं नव्यानं कापून, सोलून कनेक्टर चढवत आम्ही एकेक खोली घेत गेलो. मीटरवरचे खड्डे भरत गेले, केबल उपसायचा विषय तिथेच संपला.

गच्चीवरच्या मुख्य लाइनला मात्र त्या दिवशी हात लावला नाही. तिथे आरजी-11 होती, 10 मिलिमीटरपेक्षा जाड, आणि माझ्या कटरचा जबडा तिला पुरेना. दोन बाजूंनी अर्धं-अर्धं कापलं की टोकाला पायरी पडते. करवतीनं कापलं तर धातूचा चुरा जाळीत आणि फोमवर बसतो. मोठा कटर घेऊन दुसऱ्या दिवशी गेलो.