‘जीव नकोसा झालाय’ म्हणजे नेमके काय?

ब्रिटनमध्ये 2020 साली दक्षिण आशियाई वारसा महिना साजरा होऊ लागला, तेव्हा त्यासाठी 18 जुलै ते 17 ऑगस्ट हा काळ निवडला गेला. 1947 मध्ये भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्यावर राजाची मोहर उमटली ती 18 जुलैला आणि रॅडक्लिफने आखलेली भारत-पाकिस्तान सीमारेषा जाहीर झाली ती 17 ऑगस्टला. आमच्या रुग्णालयात या निमित्ताने समोसे येतात, एकदोघी साडी नेसून येतात, फोटो निघतात. (समोशांबद्दल तक्रार नाही, बटाटेवडा मात्र आजवर एकदाही आलेला नाही.) मला स्वतःला, मानसोपचारतज्ज्ञ म्हणून, या तारखा पाहिल्या की अमृतसर आठवते.

फाळणीत मनोरुग्णांचीही वाटणी झाली होती. लाहोरच्या मनोरुग्णालयातील हिंदू आणि शीख रुग्णांना 1950 मध्ये सीमेपलीकडून अमृतसरला आणण्यात आले. त्याच अमृतसरच्या रुग्णालयात पुढे डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. जवळचे माणूस उशाशी असले की रुग्ण लवकर सावरतो आणि आजार म्हणजे काय हे घरच्यांनाही उमगते, हे त्यांनी त्या तंबूंमधून दाखवून दिले. इंग्लंडमध्ये मला रुग्णाशी एकट्याने बोलण्याचे महत्त्व शिकवले गेले आणि ते योग्यही आहे, कारण छळ घरातच होत असेल तर तो सगळ्यांसमोर कोण सांगणार? तरीही सोबत आलेल्या सुनेला ‘भेटीची वेळ संपली’ असे सांगताना मला ते तंबू आठवतात.

1960 आणि 70 च्या दशकांत ब्रिटनमधील डॉक्टर ज्या शाखांकडे सहसा फिरकत नसत, त्यांत मानसोपचार होता आणि उपखंडातून आलेल्या डॉक्टरांना तेथे जागा मिळत असे. शल्यचिकित्सक होण्याची स्वप्ने बाळगून आलेले कितीतरी जण अशा रीतीने मानसोपचारात स्थिरावले. पुढे पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले डॉ. दिनेश भुग्रा 2008 ते 2011 या काळात रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्स या ब्रिटनमधील मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेचे अध्यक्ष झाले. त्याचा मला अभिमान आहे. मात्र या वारशाचा रोजच्या कामातला उपयोग मला उमगला तो एका आजींमुळे.

आजी मराठी होत्या आणि मराठी दुभाषी न मिळाल्याने फोनवर हिंदी दुभाषी घेतला गेला होता. आजी म्हणाल्या, “जीव नकोसा झालाय बाई.” दुभाष्याने त्याचे भाषांतर ‘यांना आता जगायचे नाही’ असे केले, परिचारिकेने आत्महत्येच्या जोखमीच्या रकान्यात खूण केली आणि आजींवर दर पंधरा मिनिटांनी लक्ष ठेवले जाऊ लागले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खाटेजवळ बसले आणि विचारले, “आजी, जीव नकोसा झालाय म्हणजे नेमकं काय होतंय?” त्या म्हणाल्या, “अगं, हे गुडघे! आणि रात्रभर दर पंधरा मिनिटांनी ती पोरगी तोंडावर बॅटरी मारतेय. झोप कशी लागायची?”

ज्या वाक्याने आपण वैशाखातल्या उन्हाची तक्रार करतो, तेच वाक्य खोल निराशेत गेलेला माणूसही उच्चारतो, त्यामुळे मी हसून विषय सोडला नाही. मरणाचे विचार येतात का, हे मी सरळ विचारले. थोडे थांबून त्या म्हणाल्या, “मरायचं नाही गं. पण हे गेल्यापासून कशात मन लागत नाही.” गुडघ्यांमागे दडलेले नैराश्य तेव्हा समोर आले. जोखमीची खूण मी पुसली आणि उपचार सुरू केले.

पुढच्याच आठवड्यात केवळ सिलहेटी ही बांगलादेशातल्या सिलहेट भागाची भाषा बोलणारे एक वृद्ध गृहस्थ दाखल झाले. ‘दक्षिण आशियाई’ या एका शब्दाच्या भरवशावर सगळ्या सहकाऱ्यांनी मोठ्या आशेने माझ्याकडे पाहिले आणि मी दुभाष्याला फोन लावला.