जुन्या जॉन्सनचे टायमिंग

शनिवार, मिलवॉकी

साडेपाच हॉर्सपॉवरच्या जॉन्सन सी-हॉर्स या होडीच्या मोटारीचे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याचा नेमका क्षण, आज लागले. हे 1950 च्या दशकातले दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन. मिशिगन सरोवराच्या काठाने इथून दक्षिणेला गेले की इलिनॉयमध्ये वॉकीगन हे गाव लागते, आणि जॉन्सनचा कारखाना तिथेच होता. मिलवॉकी हे ओले एविनरूड यांचे गाव. होडीच्या मागे लावायची मोटार त्यांनी 1909 मध्ये इथेच विकायला सुरुवात केली. पुढे 1936 मध्ये जॉन्सन आणि एविनरूड एकाच कंपनीत आले. त्यामुळे या सी-हॉर्सचे आणि त्या काळच्या एविनरूड फिशरमनचे झाकण वेगळे असले, तरी झाकणाखालची यंत्रणा जवळपास एकच असते. ती कंपनी डिसेंबर 2000 मध्ये दिवाळखोरीत गेली. पण हाच मॅग्नेटो, म्हणजे फिरत्या चुंबकातून ठिणगीसाठी वीज तयार करणारी यंत्रणा, तिच्या अनेक लहान इंजिनांवर कित्येक वर्षे बसवलेला असल्यामुळे नवे पॉइंट (विजेचा मार्ग जोडणारे-तोडणारे संपर्क), कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा) आणि कॉइल (ठिणगीचा दाब वाढवणारी तारेची वेटोळी) आजही सहज मिळतात.

ज्यांनी घरच्या बजाज स्कूटरचे सी.बी. पॉइंट स्वतः लावले आहेत, त्यांना फ्लायव्हीलखालचा, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाखालचा, हा सगळा संसार ओळखीचा वाटेल. एक फरक मात्र मुळातला आहे. स्कूटरवर कॉइलची प्लेट तीन स्क्रूंनी आवळलेली असते. ते सैल करून प्लेट थोडी फिरवायची, खुणा जुळवायच्या आणि पुन्हा आवळायचे, म्हणजे टायमिंग झाले. या आउटबोर्डवर, म्हणजे होडीमागच्या मोटारीवर, प्लेट आवळलेली नसतेच. हँडलची मूठ पिळली की सगळी प्लेट पॉइंट आणि कॉइलसकट फिरते. ती क्रँकच्या फिरण्याच्या उलट दिशेने सरकली की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी पुढे येते. प्लेटच्या खालच्या बाजूला बसवलेला कॅम त्याच वेळी कार्ब्युरेटरचा रोलर ढकलून थ्रॉटल उघडतो. म्हणून इथे टायमिंगसाठी वेगळा स्क्रू नाही. पॉइंट किती उघडतात, फ्लायव्हील शाफ्टवर पक्के धरणारी धातूची लहान चावी कशी बसली आहे आणि प्लेटचा कॅम रोलरला कुठे भेटतो, एवढ्यावरच सारे ठरते, आणि या रचनेविषयी माझ्या मनात खरोखर आदर आहे.

पॉइंटची गॅप 0.020 इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. क्रँकशाफ्टवरच्या लहानशा कॅमच्या सर्वांत उंच भागावर पॉइंटची टाच आली की फिलर गेज (ठरावीक जाडीची मापाची पट्टी) किंचित घासत आत गेले पाहिजे. पॉइंट नवे असतील तर हे माप विश्वासाचे असते. जुन्या पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि समोर टेकडी तयार झालेली असते. फिलर त्या टेकडीला टेकतो, आणि गेजवर माप बरोबर दिसत असतानाही खरी गॅप जास्त असते. जास्त गॅप म्हणजे पॉइंट लवकर उघडणार. ठिणगी तर पुढे जातेच, शिवाय ती अशक्त होते, आणि ही दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फ्लायव्हीलमधले चुंबक कॉइलच्या पायांवरून जाताना चुंबकीय प्रवाहाची दिशा उलटते, प्राथमिक वेढ्यांतला विद्युतप्रवाह एका ठरावीक क्षणी शिगेला पोहोचतो, आणि पॉइंट नेमके तेव्हाच उघडले तरच पुरता जोर मिळतो. म्हणून गॅपमधला फरक इथे दोनदा भरावा लागतो.

या कारणाने मी फिलर गेजवर थांबत नाही. पॉइंट ज्या क्षणी उघडतात तो क्षण मोजतो. त्यासाठी कॉइलची आणि कंडेन्सरची तार पॉइंटवरून सोडवून ठेवावी लागते, कारण कॉइलच्या प्राथमिक वेढ्यांचा रोध इतका कमी असतो की पॉइंट उघडे असले तरी मीटर जोडणी दाखवत राहतो. तारा सोडवल्या, मीटरचे एक टोक पॉइंटला आणि दुसरे प्लेटला लावले, फ्लायव्हीलच्या जागी शाफ्टवर टायमिंगची खास पट्टी बसवली आणि क्रँक अगदी सावकाश फिरवला. पट्टीवरची खूण प्लेटच्या कडेवरच्या ओतीव खुणेशी येते तेव्हाच मीटरची पिपाणी बंद पडली पाहिजे. एका पॉइंटवर ती खुणेच्या जरा आधीच थांबत होती. त्याचा स्क्रू केसभर हलवला आणि पुन्हा फिरवून पाहिले. त्यानंतर अर्धा फेरा पुढे, दुसऱ्या सिलिंडरचा पॉइंट. दोन्ही सिलिंडरांना स्वतंत्र पॉइंट, कॉइल आणि कंडेन्सर असल्यामुळे ते एकमेकांपासून नेमके 180 अंशांवर उघडणे, ही या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. एकाचे पुढे आणि दुसऱ्याचे मागे असेल, तर मंद गतीत इंजिन थरथरत राहते आणि माणूस कार्ब्युरेटरच्या सुया फिरवत बसतो.

पॉइंट बसवल्यावर कोऱ्या जाड कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये भिजवून त्यांच्यामधून ओढून घेतली. नव्या पॉइंटवरही तेलाचा पातळ थर असतो, आणि मॅग्नेटोच्या कमी दाबाला तेवढाही पुरतो. शाफ्टवरच्या कॅमवर टॉप असा शब्द कोरलेला आहे. ती बाजू वर आहे ना, हे पाहिले. कॉइलचे पाय प्लेटवरच्या तासलेल्या उंचवट्यांच्या कडेशी समतल ठेवले, कारण ते बाहेर आले तर चुंबकाला घासतात आणि आत राहिले तर ठिणगी कमजोर होते.

थ्रॉटलच्या जुळणीला फार वेळ लागला नाही. प्लेटच्या कॅमवरची खूण रोलरपाशी येईपर्यंत कार्ब्युरेटरची चकती बंदच राहिली पाहिजे आणि तिथून पुढे उघडायला लागली पाहिजे. त्या खुणेच्या अलीकडे इंजिनाची गती केवळ ठिणगी मागेपुढे करून बदलते, पेट्रोल वाढवून नव्हे. मासेमारीसाठी अगदी संथ चालणारी होडी या इंजिनाला इतकी चांगली का जमते, याचे उत्तर माझ्या मते इथे आहे.

शेवटी चावी. तिची बाहेरची कड शाफ्टच्या निमुळत्या उतारालगत न ठेवता क्रँकच्या मध्यरेषेला समांतर ठेवायची असते. ती तशी बसवून, शाफ्टचा आणि फ्लायव्हीलचा उतार कोरडा पुसून नट 40 ते 45 फूट-पाउंडांवर आवळला. उतारावर तेल राहिले किंवा नट ढिला राहिला तर चावी कातरली जाते आणि मग दिवसभराचे मोजमाप वाया जाते.

पाव इंचाच्या मोकळ्या अंतरावरून दोन्ही तारांची ठिणगी निळी आणि कडक आवाजाची पडली. पिंपात पाणी भरून, 24 भाग पेट्रोलला 1 भाग तेल घालून, संध्याकाळी इंजिन चालू केले. गरम झाल्यावर मंद गतीत एकेका प्लगची तार आळीपाळीने इंजिनाच्या धातूला टेकवून पाहिली. तार मोकळी ठेवली तर कॉइलच्या आवरणावर ताण येतो, म्हणून ती टेकवूनच ठेवावी. वरचा सिलिंडर बंद केला तेव्हा गती जितकी उतरली, तितकीच खालचा बंद केल्यावरही उतरली. उद्या मंद गतीची सुई लावायची आहे; टायमिंगला आता हात लावायचे कारण उरलेले नाही.