बीगलबोन नोंद ५: १०९ केबीत बोर्डाची ओळख

गेल्या नोंदीतलं ध्येय अजून तेच आहे. उद्यमनगरातल्या मित्राच्या लेथवर स्पिंडलचे आरपीएम दाखवणारा डबा बसवायचाय, आणि मेन स्विच टाकल्यावर त्यावर झटक्यात आकडा दिसायला हवा. बीगलबोन या छोट्या संगणक-बोर्डासाठीची तयार इमेज मेमरी कार्डावर टाकली असती तर काम कधीच झालं असतं. पण मला यू-बूट, म्हणजे वीज आल्यावर आधी चालून कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम (बूटलोडर), स्वतः बांधायचं होतं, आणि तेही लागेल तेवढंच. मित्राचं म्हणणं, "भावा, आकडा दिसल्याशी मतलब. आतलं तू बघ." त्याचं बरोबर आहे, हौस माझी आहे.

तीन रविवार एकाच गोष्टीत गेले: बोर्डावर काय काय आहे हे एसपीएलला (यू-बूटचा आधी चालणारा छोटा तुकडा) थोडक्यात सांगणं.

नव्यांसाठी आधी जागेचा हिशोब. बीगलबोन ब्लॅकवर ५१२ एमबी डीडीआर३ (मुख्य मेमरी) आहे, पण वीज येते त्या क्षणी ती असून नसल्यासारखी असते. कंट्रोलरला टायमिंग कुणीतरी सांगितल्याशिवाय तिथे एक बाइटसुद्धा ठेवता येत नाही. आधी चिपमधली बूट रॉम उठते, कार्डावरची एमएलओ नावाची फाइल शोधते आणि चिपच्याच एसरॅममध्ये (आतल्या छोट्या मेमरीत) ४०२एफ०४०० या पत्त्यावर उतरवते (पत्ते सगळे हेक्समध्ये). तिथे जास्तीत जास्त १०९ केबी मावतात. ही एमएलओ म्हणजेच एसपीएल. तिने डीडीआर जागी करायची आणि मग पूर्ण यू-बूट तिथे आणून त्याच्या हाती कारभार द्यायचा.

आता एसपीएललाही कार्ड कुठे, कन्सोल (सिरीयल केबलवरून संदेश दिसतात तो) कुठे, आय२सी (छोट्या चिपांशी बोलायची दोन तारांची लाइन) कुठे हे माहीत पाहिजेच. ती माहिती डिव्हाइस ट्रीत असते: प्रत्येक भागाचा एक नोड, त्यात त्याच्या प्रॉपर्ट्या, आणि नोडच्या पोटात नोड. तिचं बांधून झालेलं बायनरी रूप म्हणजे डीटीबी. माझ्या बिल्डमध्ये बोर्डाची पूर्ण डीटीबी साठेक केबीची झाली. त्यात एचडीएमआय, इथरनेट, पीडब्ल्यूएम असं सगळं आलं. एसपीएलला यातलं नव्वद टक्के कधीच लागत नाही.

पहिल्या रविवारी मी हौसेने पूर्ण डीटीबीच जोडून पाहिली. लिंकरने (कोडचे तुकडे जोडणारं टूल) हूं की चूं केलं नाही, म्हणून मला वाटलं मावलं. कार्ड घातलं, एस२ बटण (कार्डावरून बूट करायचं) दाबून वीज दिली, आणि कन्सोलवर सीसीसीसी. ही अक्षरं एसपीएलची नव्हेत, बूट रॉमची. तिला कार्डावर घेण्यासारखं काही मिळालं नाही की ती सिरीयलवरून फाइल पाठवा म्हणून सी छापत बसते. नंतर लक्षात आलं की डीटीबी लिंकिंग झाल्यावर मागून चिकटवली जाते, त्यामुळे लिंकरला तिचा पत्ताच नसतो. त्याने फक्त कोड मोजला होता. आता बिल्डनंतर एमएलओची साइज मी स्वतः बघतो. ही सवय आधीच लावायला हवी होती.

कापायला किती वाव आहे हे बघायला मी डीटीबी हेक्स एडिटरमध्ये उघडली. एका प्रॉपर्टीचा खर्च असा: टोकनचे ४ बाइट, लांबीचे ४, नाव स्ट्रिंगच्या यादीत कुठे आहे त्याचे ४, आणि मग किंमत, तीही चारच्या पटीत भरून. यूआर्ट० म्हणजे कन्सोलचा सिरीयल पोर्ट. त्याच्या नोडमध्ये इंटरप्ट ७२ लिहिलेला असतो, त्याला १६ बाइट जातात. आणि एसपीएल इंटरप्ट वापरतच नाही, पोलिंग करत, म्हणजे स्वतःच पुन्हा पुन्हा विचारत, बसतो. असे सोळा-सोळा बाइट शेकडो ठिकाणी सांडलेले दिसतात.

कापायचं काम एफडीटीग्रेप नावाचं टूल करतं. आपण ट्रीत खुणा ठेवायच्या: बूटपीएच-ऑल म्हणजे सगळ्या टप्प्यांत ठेव, बूटपीएच-प्री-रॅम म्हणजे एसपीएलसाठी ठेव, बूटपीएच-प्री-एसरॅम म्हणजे त्याच्याही आधीच्या टीपीएल या टप्प्यासाठी. खूण नाही तो नोड कापला जातो. शिवाय इंटरप्ट, पिनकंट्रोल (कुठली पिन कशासाठी) अशा प्रॉपर्ट्यांची एक यादी कॉन्फिगमध्ये असते, त्या खूण असलेल्या नोडमधूनही छाटता येतात. आपल्या बोर्डावर पिना सी कोडमधूनच लागतात, म्हणून पिनकंट्रोल गेलं तरी बिघडत नाही. जुन्या ट्युटोरियलांत याच खुणांची नावं ‘यू-बूट,डीएम-एसपीएल’ अशी दिसतील. २०२३ मध्ये ती बदलली. एका बूटलोडरचं नाव असलेली खूण लिनक्सच्या फायलींत कोण ठेवून घेणार? नवी नावं सामायिक स्कीमात (ट्री कशी लिहायची याचे नियम) आहेत, कुठल्याही बूटलोडरला चालतात.

दुसऱ्या रविवारी मी मन लावून खुणा केल्या: यूआर्ट०, आय२सी०, कार्डाचा एमएमसी कंट्रोलर. डीटीबी एकदम आटली, एमएलओ मापात आली. कार्ड घातलं आणि कन्सोल ठार मुका. सीसुद्धा नाही.

हे सीपेक्षा वाईट, पण थोडं बरंही. सी नाही याचा अर्थ रॉमने फाइल घेतली, आपला कोड सुरू झाला आणि पुढे कुठेतरी मेला. रात्री अकरापर्यंत केबल बदल, जंप वायर बदल, बोर्डावरची धूळ फुंक असं सगळं करून झालं. बाहेर पाऊस कोसळत होता. शेवटी लाइट गेली आणि प्रश्न त्या दिवसापुरता मिटला.

उत्तर सुचलं ते आईमुळे. आमचं घर शुक्रवार पेठेत. २०१९ च्या पुरानंतर तिने माळ्यावर आधी न्यायच्या वस्तूंना नेलपॉलिशचा तांबडा ठिपका लावून ठेवला होता. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढायला लागलं तेव्हा आम्ही ठिपके बघत भराभरा सगळं वर नेलं. घराच्या कागदांच्या फायलीवर ठिपका होता, पण फाइल होती लोखंडी पेटीत, आणि पेटीवर ठिपका नव्हता. पेटी खालीच राहिली. रात्री दोनला आठवण झाली आणि भाऊ गुडघाभर पाण्यातून ती घेऊन आला. लाइट यायची वाट बघत बसलो असताना आईने हा किस्सा शेजाऱ्यांना परत सांगितला, आणि मला माझी पेटी दिसली.

बोर्डावरच्या एएम३३५८ या चिपच्या ट्रीत यूआर्ट० काही वरच्या पातळीवर नसतो. ओसीपी नावाच्या नोडच्या पोटात एल४-वेकअप, तो ४४सी००००० वर. त्याच्या पोटात सेगमेंट २०००००, त्याच्या पोटात टार्गेट-मॉड्यूल ९०००, आणि त्याच्या पोटात सिरीयल ०. म्हणजे सिरीयलच्या नोडमध्ये स्वतःचा पत्ता शून्य लिहिलेला असतो. खरा पत्ता येतो तो प्रत्येक पातळीच्या रेंजेस (पोटातले पत्ते कुठून मोजायचे ते सांगणाऱ्या) प्रॉपर्टीची बेरीज होऊन: ४४सी००००० अधिक २००००० म्हणजे ४४ई०००००, त्यात ९००० मिळवले की ४४ई०९०००. मी खूण केली होती सिरीयलला. मधल्या सेगमेंटला नाही.

मी वापरतो त्या जुन्या यू-बूटमध्ये वरच्या नोडनाही वेगळी खूण करावी लागते. स्कीमा म्हणतो पोराला खूण असली की बाप आपोआप आला, पण ते माझ्या यू-बूटला ठाऊक नव्हतं. कापलेली डीटीबी डीटीसीने (डिव्हाइस ट्रीचा कंपायलर) उलटी वाचली, म्हणजे परत मजकुरात आणली, तर सेगमेंट होता, पण नुसता नावापुरता. कंपॅटिबल (कुठला ड्रायव्हर लागतो ते) गेलं होतं, रेंजेस गेलं होतं. सोर्समध्ये सगळं ठीकठाक दिसत होतं, म्हणून दोन रात्री मी सोर्सच वाचत बसलो होतो. बघायला हवी होती एसपीएलच्या फोल्डरमधली कापलेली प्रत.

वर आणखी मजा. आय२सी० ही त्याच सेगमेंटच्या पोटात आहे. बोर्डावरच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणारी छोटी मेमरी), आय२सी पत्ता ५० वर, बोर्डाचं नाव लिहिलेलं असतं: ब्लॅकसाठी ए३३५बीएनएलटी, जुन्या पांढऱ्या बीगलबोनसाठी ए३३५बोन. पांढऱ्यावर डीडीआर२ आहे, ब्लॅकवर डीडीआर३, आणि एमएलओ दोघांना एकच. म्हणून कुठलं टायमिंग लावायचं हे एसपीएल ते नाव वाचून ठरवतो. सेगमेंट गेला तिथे कन्सोलही गेला आणि बोर्डाची ओळखही.

खात्री करायला डीबग यूआर्ट चालू केला. त्यात डिव्हाइस ट्रीचा संबंधच नाही: कॉन्फिगमध्ये पत्ता ४४ई०९००० आणि घड्याळ ४८ मेगाहर्ट्झ थेट लिहायचं. सुरुवातीच्या फंक्शनांत पाच ठिकाणी एकेक अक्षर छापायला लावलं. ए, बी, सी आले. डी आला नाही, आणि डी होता ईईप्रॉम वाचून झाल्यावरचा. चार मधल्या नोडना खुणा लावल्या, परत बांधलं, आणि पिकोकॉममध्ये (कन्सोल बघायचा प्रोग्राम) एसपीएलची ओळ उमटली. मी खुर्चीतून उठलोच. डीटीबी आता साडेआठ केबी आहे.

यू-बूटमधला ऑफ-प्लॅटडेटा हा पर्यायही एक संध्याकाळ हाताळून पाहिला. त्यात डीटीओसी नावाची पायथन स्क्रिप्ट बांधतानाच ट्रीचे सी स्ट्रक्ट करून टाकते. बोर्डावर ट्रीही नाही आणि ती वाचणारा कोडही नाही. यू-बूटच्या डॉक्युमेंटेशननुसार ट्री वाचायच्या कोडचा बोजा थंब-२ (एआरएमचा आटोपशीर इन्स्ट्रक्शन संच) वर साधारण ३ केबी असतो, ट्री वेगळी. १६ केबीत एमएमसीसकट एसपीएल बसवायचा असेल तर हे तीन केबी म्हणजे जीव की प्राण. पण प्रत्येक ड्रायव्हरला ते स्ट्रक्ट समजावून द्यावं लागतं, आणि कुठे चुकलं तर उलटं वाचायला डीटीबीच उरत नाही. १०९ केबीत त्याची गरज नाही. मी सोडून दिलं.

आता पूर्ण यू-बूटचा प्रॉम्प्ट येतोय. पुढे फाल्कन मोड: एसपीएलनेच थेट कर्नल उचलायचा, मधलं यू-बूट टाळायचं. त्यासाठी कर्नलची पूर्ण डीटीबी कार्डावर कुठे ठेवायची यावर डोकं चालू आहे. कुणी या चिपवर केलं असेल तर ऑफसेट सांगा. लेथ मंगळवारपर्यंत मोकळी आहे, नंतर मित्राकडे पंपाच्या शाफ्टची ऑर्डर सुरू होतेय.