तुम्ही विचारलंत म्हणून: डोक्यात मशीन आहे का?

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या एका अडत दुकानावर मी ३१ वर्षं मुनीम होतो. सौद्यात भाव ठरला, मापाड्यानं वजन सांगितलं, की कागदाला हात न लावता मी रक्कम सांगायचो. शेतकरी बघत राहायचे. "मुनीमजी, डोक्यात मशीन आहे का? का देवाचं देणं?" हे मी किती वेळा ऐकलं त्याचा मात्र हिशोब नाही.

आता घरी असतो. वरच्या दोन खोल्या 'नीट'ची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्या पोरांना भाड्यानं दिल्यात. त्यांचे आईबाप हिंगोलीकडून, परभणीकडून येतात, खोली बघतात, पाण्याचं विचारतात आणि निघताना चपला घालता घालता तोच प्रश्न टाकतात: "काका, जात्याच डोकं लागतं, का घासून घासून होतं?"

माझं तरी घासून झालं.

शाळेनं शिकवले ते साधे पाढे. आज्यानं शिकवले ते अपूर्णांकांचे: पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. रुपये-पैसे दशमान होऊन बरीच वर्षं झाली होती, शाळेतून हे पाढे गेले होते, पण आज्याला कोण सांगणार? दिवेलागणीला परवचा. चुकलं की पहिल्यापासून. मला त्यात काडीची गोडी नव्हती.

गोडी एका पट्टीनं लावली, म्हणजे अडत्यानं दिलेल्या विक्रीच्या हिशोबाच्या कागदानं. वडील मोंढ्यात तूर घालून आले. पट्टी मी मोठ्यानं वाचली. आजा बाजेवर डोळे मिटून पडला होता, तसाच म्हणाला, "पावाचे पैसे कुठायत?" माल सव्वासहा क्विंटल आणि हिशोब सहाच क्विंटलचा. वडील दुसऱ्या दिवशी एसटीनं परत गेले. पैसे मिळाले, वर 'चूकभूल देणे घेणे' म्हणून हसणंही मिळालं. त्या दिवसापासून गावात कुणाचीही पट्टी आली की मी ती मागून घ्यायचो आणि ताडून बघायचो. हमाली, तोलाई, कडता म्हणजे मालातली वजावट, सगळं. रोज. चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून.

आता यातली गंमत सांगतो, म्हणजे जादू उरणार नाही. सोयाबीन १८ क्विंटल ७५ किलो, भाव ४,२४०. तुम्ही गुणाकार मांडाल. मला ते पावणेएकोणीस ऐकू येतं. वीस पट ८४,८००, एक पट वजा केली की ८०,५६०, त्यातून पाव म्हणजे १,०६० गेले. राहिले ७९,५००. त्यातही निम्मं काम आधीच झालेलं असतं. एका दिवसात भाव फार हलत नाही, त्यामुळे दहा वाजेपर्यंत त्या दिवसाच्या भावाची दहापट, वीसपट, पाव, पाऊण डोक्यात तयार असते. सुटे किलो आले तर भावाला शंभरानं भागायचं, किलोचे ४२ रुपये ४० पैसे. एवढंच.

मोंढ्याबाहेर माझं मशीन बंद. एका लग्नात कुणीतरी ३४७ गुणिले ६८९ विचारलं. मी पंगतीत बसून राहिलो, जिलबी थंड झाली.

बुद्धिबळावर असा एक प्रयोग झालाय, विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या दोन संशोधकांनी १९७३ साली छापलेला. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवायचा आणि आठवून मांडायला लावायचं. कसलेला खेळाडू बराचसा मांडतो, नवखा चार-पाच सोंगट्यांत अडकतो. मग सोंगट्या वाटेल तशा विखुरून ठेवल्या, तर कसलेलाही जवळपास नवख्याच्या पंक्तीला. वाचलं आणि मला ती जिलबी आठवली.

पोरं लगेच रामानुजनचं नाव काढतात. खरंय. पण कार नावाच्या इंग्रज गणितज्ञाचं जाडजूड पुस्तक, सुमारे पाच हजार सूत्रांचं, बहुतेकांची सिद्धता न दिलेलं, त्याच्या हाती सोळाव्या वर्षाच्या सुमारास पडलं आणि तो त्यातच बुडाला. कागद महाग म्हणून पाटीवर लिहायचा आणि कोपरानं पुसायचा. बाकीच्या विषयांकडे बघितलं नाही, म्हणून कॉलेजात नापासही झाला. तरी ते पुस्तक इतरांच्याही हाती पडलं असणार आणि ते रामानुजन झाले नाहीत. तिथं माझं 'घासून झालं' तोकडं पडतं, हे मी कबूल करतो.

त्यासाठी इतकं लांब जायलाही नको. आमच्या गादीवर दुसरे एक मुनीम होते. माझ्याआधीपासून तिथं, तोच माल, तेच भाव, पाढे माझ्याहून पक्के. शेवटपर्यंत कागदावर मांडूनच करायचे. मी रक्कम सांगून मोकळा व्हायचो तेव्हा त्यांची पहिली ओळ चाललेली असायची. का, ते त्यांनाही कळलं नाही, मलाही नाही. शेतकरी त्यांना कधी देवाचं देणं वगैरे म्हणाले नाहीत. (ज्वारीची भाकरी ताटाएवढी, एका जाडीची थापणाऱ्या माझ्या बायकोलाही कुणी म्हणालं नाही, ती गोष्ट वेगळी.)

पण वर्षअखेरची खतावणी, म्हणजे सगळा जमाखर्च खात्यांवर मांडायचं काम, शेठ त्यांच्याकडेच द्यायचे. माझ्याकडे एकदाच दिली होती.