ओलावा सेन्सर प्रोजेक्ट: माहितीची पानं शेवटी डोकुविकीवर

राजेहो, संत्र्याच्या बगिच्यासाठी ईएसपी३२ (वायफायवालं छोटं कंट्रोलर) वालं जे सॉफ्टवेअर चालवतो त्याच्या माहितीचा पसारा आवरणं सुरू आहे. कोड गिटहबवरच (कोड ठेवायची साईट) राहील, भानगड फक्त पानांची होती, ती आता डोकुविकीवर, म्हणजे ब्राउझरमंधूनच पान लिहायच्या-सुधारायच्या विकी सॉफ्टवेअरवर, ठेवली.

एमकेडॉक्स (टेक्स्ट फाईलींची वेबसाईट करून देणारं) आधी लावून पाहिलं, दिसायला लय भारी, डेटाबेसही नाही लागत. पण वरुड-मोर्शीकडं काळी जमीन वाळून भेगाळली की सेन्सरचा मातीशी संबंध सुटतो न आकडा उगाच कोरडा दाखवते, हे ज्याला माहीत आहे तो बगिचावाला मोबाईलवरून एक ओळ सुधारायसाठी फोर्क (गिटहबवर आपली वेगळी नक्कल) आन पुल रिक्वेस्ट (माझा बदल तपासून घ्या अशी विनंती) काहून करंल? गिटहबच्या विकीलाही गिटहबचं खातं लागतेच, आणि तिथं पुल रिक्वेस्टची सोयच नाही, म्हणजे बदल तपासून घ्यायचा रस्ता बंद. मिडियाविकी दमदार आहे, मराठी विकिपीडिया त्याच्यावरच चालते, पण मारियाडीबी (त्याचा डेटाबेस) न अपडेटं सांभाळत बसायला आपल्याकडं माणूस कुठं आहे.

डोकुविकी २००४ पासूनचं आहे, जुनाट दिसते खरं. पण एक पान म्हणजे एक साधी टेक्स्ट फाईल, जुन्या आवृत्त्या वेगळ्या फोल्डरमंधी, बॅकअप म्हणजे फोल्डर कॉपी केलं की झालं. लिहिता लिहिता मसुदा आपोआप सर्व्हरवर जातो, इकडं लाईन गेली की टॉवरही जाते त्यामुळं मला हेच सगळ्यात आवडलं. एक जण लिहीत असला की पान १५ मिनिटं लॉक, तेही बरं.

आता देवनागरी पानांच्या नावाचं. फाईलच्या नावाला लिनक्सवर २५५ बाइटची हद्द. देवनागरीत अक्षर, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजतात, प्रत्येकी ३ बाइट, आणि डोकुविकी ते टक्केवाल्या कोडात लिहिते (एका बाइटचं '%E0' असं तीन अक्षरांत) म्हणून एकाचे ९ होतात! म्हणजे 'संत्र्याच्या बगिच्यात सेन्सर कुठे लावायचा' हे नाव बसतच नाही. म्हणून पानाचं नाव रोमनमंधी छोटं ठेवलं, आणि सेटिंगमंधी 'यूजहेडिंग' चालू केलं, मग लिंकवर आतलं मराठी शीर्षकच दिसते.

वाचायला सगळ्यांना मोकळं, लिहायला लॉगिन, नाहीतर स्पॅमवाले पानं भरून टाकतात. जुनी मार्कडाउन (साध्या खुणांनी लिहायची पद्धत) पानं पॅनडॉकनं (एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत फाईल बदलणारं सॉफ्टवेअर) बदलणं चालू आहे, तक्ते तेवढे हातानं तपासतो. हलक्या मुरमाड जमिनीचे आकडे कोणाकडं असतील तर पाठवा भाऊ, ते पान अजून कोरंच आहे.