चोंढीतला सोमवार

राजापूर सोडून अलिबागजवळच्या चोंढीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झालो. किहीम, आवास, सासवणे हा सगळा पट्टा मुंबईकरांच्या बंगल्यांचा. खोलीचं भाडं ऐकून आई फोनवर म्हणाली, "तेवढ्यात आपल्याकडे वाडी मिळेल!"

वाटलं होतं, पेशंटही बंगलेवालेच असतील. ते येतात शनिवारी, रविवारी मांडव्याहून गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीने तासाभरात भाऊचा धक्का. आज बाकावर होते माळी, राखणदार, स्वयंपाकाच्या मावश्या.

एका माळीकाकांना पालापाचोळा उचलताना तांबडा विंचू चावला. दरदरून घाम, हातपाय गार. प्राझोसिन दिलं आणि दिवसभर नाडी-बीपीवर डोळा ठेवून बसलो. विंचूदंशावर हे औषध रुजवलं ते आपल्याच रायगडातल्या महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी. त्याआधी कोकणात या विंचवाने किती माणसं गेली असतील, कोण जाणे.

संध्याकाळी काका उठून बसले. पहिला प्रश्न, "डॉक्टर, किती झाले?" बंगल्याच्या मालकांना फोन लावला, तर ते मीटिंगमध्ये. म्हटलं, बघू नंतर.

आत्ताच काकांची सून पांढऱ्या कांद्याची माळ ठेवून गेली. यंदाचा भाव माहीत असेल त्यांना कळेल, फी वसूल झाली!