पालच्या पाचोळ्यातला रातवा

रावेरच्या केळीच्या बागा मागे पडल्या की पाल गावाच्या वाटेवर सातपुड्याची कळाच बदलते. ऐन उन्हाळ्यात साग निष्पर्ण, सालई उघडीबोडकी आणि खाली घोट्याएवढा पाचोळा. यावल अभयारण्यात मला रातवा हा निशाचर पक्षी पाहायचा होता. सोबतच्या पावरा दादांनी हात आडवा धरला. "भाऊ, इथूनच बघा. पुढे गेलात तर अंडी सोडून उडेल."

ते दाखवत होते तिथे मला पाचोळाच दिसत होता. दुर्बिणीतून बराच वेळ पाहिल्यावर एका वाळक्या पानाला चोच असल्याचं कळलं! राखाडी-तपकिरी अंगावर काळ्या रेघा, मधूनच पिवळसर ठिपके. या नक्षीने अंगाची कडच तुटते, त्यामुळे पक्ष्याचा आकार नजरेत जुळून येत नाही. टपोरा डोळा चटकन चुगली करतो, म्हणून तोही फटीएवढा मिटलेला.

पण मला खरी थोरवी वाटली ती त्याच्या बसण्याची. रातवा घरटं बांधत नाही, अंडी थेट जमिनीवर घालतो. अंगाशी मिळतीजुळती जागा शोधायची आणि संकट अगदी जवळ येईपर्यंत हलायचं नाही, यावर त्याचा सगळा संसार. मातीचा रंग घेऊन सैनिकांचा खाकी गणवेश आला, तोही हलत्या माणसाला फार वेळ लपवू शकत नाही.

लपायला रंग लागतोच असंही नाही. रानपिंगळा हे छोटं घुबड दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतं, तरी १८८४ नंतर थेट १९९७ मध्ये ते शहाद्याजवळ अभ्यासकांना पुन्हा दिसलं. मधल्या काळातले शोध चुकीच्या ठिकाणी झाले होते.

रातव्याचं तसं नाही, त्याला पाचोळा हवाच. मोहफुलं वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखाली आग लावतात, ती पसरते. अंडी जळतात आणि काळ्या राखेवर हाच पक्षी लांबूनही उठून दिसतो. दादांच्या घरी आता पाचोळा झाडून बाजूला करतात. मेहनत जास्त, पण फुलंही स्वच्छ मिळतात, असं ते म्हणाले.

अंधार पडल्यावर या रस्त्याने जाणार असाल तर गाडी हळू चालवा. रातवे डांबरावर येऊन बसतात आणि गाडी आली तरी दिवसासारखेच निश्चल राहतात. हेडलाइटमध्ये डोळे लालसर चमकले की थांबा, लाइट मंद करा आणि त्याला उडायला वेळ द्या.